‘पुरेशी’ म्हणजे किती? वृद्धाश्रमांतल्या स्वच्छता-साहित्याच्या नियमांची पार्श्वभूमी

परभणी जिल्ह्यातल्या एका वृद्धाश्रमाच्या कोठीत साठ्याची वही चाळत होतो. डाव्या पानावर आवक, उजव्या पानावर वाटप. अंगाचा साबण, कपड्यांचा साबण, फिनेल, खराटे, रबरी शीट, डायपर. डायपरच्या रकान्यात वीस तारखेनंतर रोज नुसती आडवी रेघ. “संपले की जुनेर बांधतो,” कोठी सांभाळणाऱ्या मावशी म्हणाल्या. जुन्या लुगड्यांच्या मऊ घड्या त्यांनी उकळत्या पाण्यातून काढून, उन्हात वाळवून फळीवर रचून ठेवल्या होत्या. “तपासणीला साहेब येतात, वही बघून सही करतात. पण किती पाहिजेत, ते कुठं लिहिलंय का हो?”

त्यांच्या या प्रश्नासाठी साठ वर्षं मागे जावं लागतं.

निजामाची राजवट 17 सप्टेंबर 1948 ला संपली, 1956 ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1960 ला महाराष्ट्रात. कुणी नसलेल्या म्हाताऱ्यांचा आसरा तोवर मठ, धर्मशाळा आणि देवस्थानांच्या ओवऱ्या हाच होता. पैठण, तुळजापूर, औंढा इथं पंगतीला पोटभर मिळायचं, अंघोळीचं ज्याचं त्यानं बघायचं. 1963 मध्ये राज्याने वृद्धाश्रम चालवणाऱ्या स्वयंसेवी संस्थांना अनुदान द्यायला सुरुवात केली. 60 वर्षांवरचे निराधार पुरुष आणि 55 वर्षांवरच्या निराधार स्त्रिया त्यात बसत. अनुदान दरडोई आणि परिपोषणासाठी. एकाच रकमेतून ज्वारी, तेल, कपडा, साबण सगळं भागवायचं म्हटल्यावर डाळ महागली की कात्री साबणाला लागणार, हे घर चालवणाऱ्या कुणालाही सांगायला नको.

1995 मध्ये मातोश्री वृद्धाश्रम योजना आली. शंभर जणांची सोय असलेली मोठी आवारं, बहुतेक शहराबाहेरच्या मोकळ्या जागेवर. छत्रपती संभाजीनगर आणि लातूरच्या मातोश्री वृद्धाश्रमांची नावं आजही लोकांच्या तोंडी आहेत.

खरा टप्पा मात्र 2007 चा. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ व कल्याणाचा कायदा त्या वर्षी संसदेत मंजूर झाला, महाराष्ट्रात तो 1 मार्च 2009 पासून लागू झाला आणि 2010 मध्ये राज्याचे नियम आले. कायद्याचं कलम 19 वृद्धाश्रमांचं आहे. निराधार ज्येष्ठांसाठी प्रत्येक जिल्ह्यात किमान एकापासून सुरुवात करून, किमान 150 जणांची सोय असलेले वृद्धाश्रम राज्य सरकार स्थापन करू शकेल, असं ते म्हणतं. त्यांच्या सेवांचा दर्जाही सरकार ठरवू शकेल. ‘करील’ नाही, ‘करू शकेल’.

दर्जा कसा असावा, हे केंद्राने राज्यांसाठी तयार केलेल्या नमुना नियमांच्या परिशिष्टात आहे. माणशी झोपण्याची जागा साडेसात चौरस मीटर. स्वयंपाकघर, जेवणघर, करमणुकीची खोली धरून माणशी 12 चौरस मीटर. इथवर सगळं टेप लावून मोजता येतं. पुढे मात्र पाणी पुरेसं, संडास-न्हाणीघरं पुरेशी, कपडे आणि अंथरूण-पांघरूण पुरेसं, स्वच्छतेची व्यवस्था पुरेशी. खोली कमी पडली तर अधिकारी शेरा मारू शकतो. महिन्याला एकच साबण मिळाला तर कुठला नियम मोडला, हे त्याला दाखवता येत नाही. मला या साऱ्या इतिहासातली सर्वात मोठी उणीव हीच वाटते, कारण मोजमाप नसलेल्या गोष्टीसाठी पैसेही मागता येत नाहीत.

मराठवाड्यात हा ‘पुरेशी’ शब्द आणखी आकसतो, तो पाण्यामुळे. 12 एप्रिल 2016 ला मिरजेहून पहिली पाणीरेल्वे लातूरला पोचली, पाच लाख लिटर घेऊन. टंचाईत टँकरच्या पाण्याचा ग्रामीण भागातला हिशेब माणशी रोजचे 20 लिटर असा असतो. अंथरुणाला खिळलेल्या आजींची रात्री भरलेली एक चादर धुवायला दोन-तीन बादल्या लागतात. म्हणजे त्यांच्या वाट्याचं दिवसभराचं पाणी सकाळी सातलाच संपलं, अंघोळ आणि पिणं अजून बाकीच. अशा वेळी चादर उलटून घालतात, अंघोळीऐवजी ओल्या फडक्याने अंग पुसतात. ओलसर राहिलेल्या कातडीला बेडसोर व्हायला मग वेळ लागत नाही.

डायपरने पाणी वाचतं, म्हणून इथं त्याला चैन म्हणणं मला पटत नाही. सरकारदरबारी मात्र त्याची गणना फार उशिरा झाली. सॅनिटरी नॅपकिनवरचा जीएसटी जुलै 2018 मध्ये माफ झाला. त्यासाठी बायका बोलल्या, रस्त्यावर आल्या, आणि ते योग्यच होतं. रुग्णांच्या डायपरवर 12 टक्के तसाच राहिला. तो 5 टक्क्यांवर आला थेट सप्टेंबर 2025 मध्ये. म्हाताऱ्यांचा मोर्चा कोण काढणार?

वापरलेल्या डायपरचीही अशीच परवड. 2016 च्या घनकचरा नियमांनी तो नीट गुंडाळून वेगळा द्यायला सांगितलं, पण ते नियम मुख्यतः शहरी भागासाठीचे होते. आपले कितीतरी वृद्धाश्रम गावकुसाबाहेर आहेत, तिथे घंटागाडी फिरकत नाही. मग मागच्या बाजूला खड्डा आणि त्यात जाळणं.

करोनाच्या काळात स्वच्छतेच्या वस्तूंना एकदाच रोख आकडे लागले. 13 मार्च 2020 ला मास्क आणि सॅनिटायझर जीवनावश्यक वस्तूंच्या यादीत आले, 21 मार्चला सॅनिटायझरच्या 200 मिलीच्या बाटलीला कमाल 100 रुपये दर ठरला. ही तरतूद 30 जूनपर्यंतची होती.

त्याआधी 13 डिसेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने माजी केंद्रीय कायदामंत्री अश्वनीकुमार यांच्या याचिकेवर, जिल्हावार किती वृद्धाश्रम आहेत याची माहिती राज्यांकडून गोळा करा, असा आदेश केंद्राला दिला. कायदा होऊन अकरा वर्षं झाली होती आणि मोजदाद अजून आश्रमांचीच चालली होती. डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत दुरुस्ती विधेयक आलं. वृद्धांची काळजी घेणाऱ्या सगळ्या निवासी संस्थांना नोंदणी सक्तीची आणि किमान दर्जा बंधनकारक, असा त्याचा गाभा होता. ते स्थायी समितीकडे गेलं, समितीचा अहवालही आला, पण 2024 मध्ये लोकसभेची मुदत संपली आणि विधेयक त्याबरोबर गेलं. 2007 चं कलम 19 आहे तसंच आहे.

वही मिटली तेव्हा मावशींनी कपाटाचं दार उघडून दाखवलं. आतल्या बाजूला खडूने त्यांचा स्वतःचा नियम लिहिला होता: अंथरुणावर 6 जण, दिवसा 2, रात्री 1, महिन्याला 540. वहीत त्या महिन्याची आवक होती 360.