विणलेला स्वेटर पाण्यात गेल्यावर

माझी मुलगी दोन वर्षांची असताना आत्याने तिच्यासाठी स्वेटर विणला होता. छातीवर वेण्यांची नक्षी, गळ्याला क्रोशाची नाजूक किनार. दीड महिना लागला होता तिला. पहिल्याच धुण्यात तो इतर कपड्यांबरोबर मशीनमध्ये गरम पाण्यात गेला आणि बाहेर आला तो बाहुलीच्या मापाचा होऊन. जाड, ताठ, आणि नक्षी कुठे होती तेही कळेना. मी तो पुन्हा भिजवला, ताणला, पण काही उपयोग झाला नाही. आत्या काही बोलली नाही, पण मला मात्र ते फार लागलं. लोकरीचं असं का होतं, हे मी त्यानंतर मुळापासून समजून घेतलं.

एक प्रयोग तुम्हीही करून बघा. कंगव्यात अडकलेला एक लांब केस घ्या, तो आडवा न धरता अंगठा आणि तर्जनीच्या मधोमध, बोटांच्याच दिशेने ठेवा आणि दोन्ही बोटं एकमेकांवर पुढे-मागे घासा. बोटं दोन्हीकडे सारखीच हलतात, पण केस एकाच बाजूला सरकत जातो. जे टोक पुढे निघतं ते मुळाकडचं. केसावर कौलांसारखे एकावर एक रचलेले अतिसूक्ष्म खवले असतात आणि त्यांची तोंडं शेंड्याकडे असतात. त्यामुळे मुळाच्या दिशेने केस सहज सरकतो, उलट जाताना अडतो. लोकरही केसच. दोन्ही केराटिन या प्रथिनाचे बनलेले. मेरिनो लोकरीचा तंतू साधारण १५ ते २४ मायक्रॉन जाडीचा, म्हणजे आपल्या केसापेक्षा कितीतरी बारीक, आणि खवले त्यालाही असतातच.

आता असे लाखो तंतू पाण्यात चोळले जाताहेत अशी कल्पना करा. प्रत्येक तंतू आपापल्या मुळाच्या दिशेने थोडा सरकतो, शेजाऱ्यांमध्ये घुसतो, आणि खवल्यांमुळे मागे येऊ शकत नाही. पुढच्या चोळण्याला आणखी थोडा सरकतो. शेवटी सगळं एकमेकांत इतकं गच्च अडकतं की विणलेल्या कापडाचा नमदा, म्हणजे दाबून गच्च केलेल्या लोकरीचं जाड कापड, होतो. ही गाठ कुठल्याच पाण्याने सुटत नाही. आमचा स्वेटर परत का आला नाही, याचं उत्तर हे.

यात एक गोष्ट मला फार उशिरा कळली. आपण सगळा दोष गरम पाण्याला देतो. पण लोकर रंगवणारे लडी जवळजवळ उकळत्या पाण्यात ठेवतात आणि तरी ती आटत नाही, कारण ते ती फारशी हलवत नाहीत. उष्णतेने तंतू मऊ होतात, साबणाने निसरडे होतात, पण त्यांना पुढे ढकलते ती हालचाल. म्हणून कोमट पाणी घ्याच, साधारण ३० अंशांचं किंवा त्याहून गार. मात्र सगळ्यात जास्त सांभाळायचं ते हातांना. टबात पाणी आणि साबण आधी नीट मिसळा, कपडा त्यात बुडवा, तळव्यांनी हळूच दाबा आणि पंधरा-वीस मिनिटं तसाच राहू द्या. चोळणं नाही, आपटणं नाही, नळाची धार थेट त्यावर सोडणं नाही. भिजण्यानेच बहुतेक मळ निघतो.

साबण कुठला, हाही रसायनाचाच प्रश्न आहे. नेहमीची धुण्याची पूड अल्कधर्मी असते, आणि केराटिनला अल्क सोसत नाही. शिवाय रक्ताचे किंवा अन्नाचे डाग काढण्यासाठी अनेक पुडींमध्ये प्रथिनं तोडणारी विकरं घातलेली असतात. त्या विकरांना डागातलं प्रथिन आणि लोकरीतलं प्रथिन यांतला फरक कळत नाही. लोकरीसाठीचा सौम्य द्रव साबण वापरायचा तो यासाठी. आणि क्लोरिनचं ब्लीच लोकरीजवळ आणूसुद्धा नका, त्यात लोकर चक्क विरघळते.

पाणी तंतूच्या आत शिरल्यावर जे घडतं तो मला यातला सगळ्यात सुंदर भाग वाटतो. केराटिनच्या लांब साखळ्या एकमेकींना दोन तऱ्हांनी धरून असतात. गंधकाचे बंध पक्के, ते पाण्याला दाद देत नाहीत. हायड्रोजन बंध नाजूक, पाण्याने सुटतात आणि वाळताना पुन्हा जुळतात, तेही त्या क्षणी तंतू ज्या आकारात असेल त्या आकारात. ओले केस वेणीत बांधून वाळवले की लाटा येतात आणि पुन्हा पाणी लागलं की जातात, ते याचमुळे. १९३० च्या दशकात इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठात विल्यम अ‍ॅस्टबरी यांनी लोकरीवर क्ष-किरण टाकून पाहिलं, तेव्हा ओला तंतू ताणल्यावर आतल्या रेणूंची रचनाच बदलते आणि सोडल्यावर परत येते, असं दिसलं होतं. गुंडाळी उलगडावी आणि पुन्हा गुंडाळली जावी तसं.

म्हणजे ओला स्वेटर हा अजून न ठरलेल्या आकाराचा स्वेटर असतो. तो दांडीवर वाळत घातला तर आत साठलेलं पाणी त्याला खाली ओढतं, बाह्या लांबतात, खांद्यांना टोकं येतात, आणि तसाच तो वाळतो. टबातून काढताना म्हणूनच एका टोकाला धरून उचलू नका, दोन्ही हातांनी खालून आधार द्या. पिळायचाही नाही. कोरड्या टॉवेलवर पसरा, टॉवेलसकट गुंडाळी करा आणि वरून दाबा. मग सपाट जागी, सावलीत, कोरडा टॉवेल अंथरून त्यावर ठेवा. छातीची, बाह्यांची मापं हातांनी जुळवा, वेण्या सरळ करा, क्रोशाच्या किनारीची एकेक पाकळी बोटाने ओढून बसवा. तुमच्या बोटांनी तेव्हा जे ठरवलं, ते पुढच्या धुण्यापर्यंत टिकतं.

सगळंच विणकाम लोकरीचं नसतं. सुती धागा ओला झाल्यावर उलट अधिक मजबूत होतो, त्याला हातांची फार भीती नाही. पण तो भरपूर पाणी धरतो आणि लोकरीसारखा लवचीक नसतो, त्यामुळे टांगला तर चांगलाच लोंबतो. अ‍ॅक्रिलिक धुवायला सोपं, मात्र त्यावर गरम इस्त्री किंवा वाफ गेली की धाग्याचा फुगीरपणा कायमचा जातो आणि कपडा लुळा पडतो. मशीनमध्ये चालेल म्हणून विकली जाणारी लोकर म्हणजे खवले क्लोरिनने बोथट करून त्यांवर पातळ लेप दिलेली लोकर. ती आटत नाही, पण ओली असताना खूप सैल पडते.

हाताने विणलेल्या कपड्याला लेबल नसतं. धागा कशाचा ते कळत नसेल तर आतल्या शिवणीजवळचं एखादं सुटं टोक कापून घ्या आणि धातूच्या ताटलीवर चिमट्यात धरून जाळा. लोकर जळक्या केसांसारखी वास मारते आणि चुरडणारी राख सोडते. सुताला कागदाचा वास येतो. अ‍ॅक्रिलिक वितळून कडक मणी होतो.

कपडे ठेवून देण्याआधी ते धुतलेले असायलाच हवेत, कारण कसर, म्हणजे लोकर खाणारी कीड, घाम आणि डाग असलेल्या लोकरीवर जास्त पोसते. कसरीचा उडणारा पतंग काही खात नाही, खाते ती त्याची अळी. तिच्या आतड्यातलं वातावरण इतकं अल्कधर्मी असतं आणि तिथली रसायनं अशी असतात की पाण्याला न जुमानणारे गंधकाचे बंधही तिथे तुटतात. केराटिन पचवू शकणारे प्राणी थोडेच, त्यातली ही एक. कसर लागल्याची शंका असेल तर कपडा हवाबंद पिशवीत घालून उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. आणि भोक दिसलं तर वाट पाहू नका. क्रोशाच्या कामात प्रत्येक टाका बंद होत जातो, त्यामुळे भोक सहसा जागच्या जागी थांबतं. सुयांवरच्या विणीत मात्र एक टाका सुटला की त्याखालचे ओळीने उसवत जातात. टाका सुईच्या टोकावर उचलून तेवढ्यापुरता दोऱ्याने बांधून ठेवला, तरी नीट दुरुस्ती करायला सवड मिळते.

आत्याने पुढच्या स्वेटरबरोबर त्याच लोकरीची छोटी लडी दिली होती. ती मी स्वेटरबरोबरच धुते, म्हणजे कधी रफू करावं लागलं तर धाग्याचा रंग आणि पोत कपड्याइतकाच धुतलेला असेल.