डेलिरियम की डिमेन्शिया? आधी गोळ्यांचा डबा तपासा

परवापर्यंत नीट बोलणारे आजोबा आज मुलाला ओळखत नाहीत, भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणतात. घरचे हताश होऊन म्हणतात, ‘डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) सुरू झाला.’ पण इतक्या झपाट्याने बिघडणं हे सहसा डेलिरियमचं, म्हणजे मेंदूच्या अचानक उडालेल्या गोंधळाचं, लक्षण असतं. त्याचं कारण शोधून उपचार केले, तर माणूस पुष्कळदा पूर्वपदावर येतो. म्हणून हा फरक घरच्यांना कळायलाच हवा.

डिमेन्शिया महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे वाढत जातो. सुरुवातीला आठवण दगा देते, पण माणूस जागरूक असतो, समोरच्याचं बोलणं लक्ष देऊन ऐकतो. डेलिरियम काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत येतो आणि पहिला घाला लक्षावर घालतो. वारांची नावं उलट क्रमाने म्हणायला सांगा, मध्येच धागा सुटतो. सकाळी बरं, रात्री फार वाईट, असा चढउतारही असतो. काही जण आरडाओरडा करत नाहीत, नुसते गुंगीत पडून राहतात. ‘थकलेत, झोपू द्या’ म्हणून तिथेच दुर्लक्ष होतं, आणि मला सर्वांत जास्त काळजी याच रुग्णांची वाटते.

संसर्ग, शरीरातलं पाणी कमी होणं, लघवी तुंबणं अशी कारणं असतातच, पण औषधंही वारंवार कारणीभूत ठरतात. सर्दीवरची क्लोरफेनिरामिन, नैराश्य किंवा नसांच्या दुखण्यासाठीची अमिट्रिप्टिलिन, लघवी आवरण्यासाठीची ऑक्सिब्युटिनिन ही औषधं मेंदूतल्या ॲसिटिलकोलिन या निरोप पोचवणाऱ्या रसायनाचं काम रोखतात. दोन-तीन एकत्र आली की परिणाम साचतो. झोपेसाठी घेतलेलं डायझेपाम उतारवयात शरीरात कितीतरी जास्त काळ रेंगाळतं. ट्रामाडॉल या वेदनाशामकानेही गोंधळ उडू शकतो. रक्तदाबासाठीच्या लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांनी रक्तातलं सोडियम उतरतं, त्यानेही गोंधळ होतो. मूत्रपिंड मंदावलं असेल, तर वर्षानुवर्षे सोसलेला डोसही जड जातो. म्हणून गेल्या काही दिवसांत कुठली गोळी नवी आली, कुठली वाढली किंवा अचानक बंद झाली, हे आधी पाहा.

मधुमेही असतील तर ताबडतोब साखर तपासा. ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल आणि गिळता येत असेल, तर १५ ग्रॅम ग्लुकोज द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड ही मधुमेहाची गोळी चालू असेल, तर साखर वर येऊनही काही तासांनी परत घसरू शकते. त्यामुळे बरं वाटलं तरी रुग्णालयात न्यायलाच हवं.

झोपेची जुनी गोळी मात्र घाबरून एकदम थांबवू नका, त्यानेही डेलिरियम किंवा झटके येतात.

दोन्ही आजार एकत्रही असतात. डिमेन्शिया असलेल्यांना डेलिरियम लवकर होतो, तेव्हा जुन्या निदानावर सगळं ढकलू नये. अचानक बदल झाला की त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. तोंड वाकडं झालं, हात किंवा पाय लुळा पडला किंवा शुद्ध हरपली, तर थेट आपत्कालीन विभागात. जाताना सगळी औषधं एका पिशवीत घ्या: मलम, डोळ्यांचे थेंब, काढे आणि शेजाऱ्यांनी दिलेल्या गोळ्यासुद्धा.