महिन्याचे पंधराशे आणि एकरकमी लाख

पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या सीमेवरच्या घरांत हा गोंधळ नेहमी होतो. एक बहीण सावंतवाडीकडे दिलेली, दुसरी इकडे गोव्यात. तिकडच्या बहिणीच्या खात्यात ‘लाडकी बहीण’चे महिन्याला १,५०० रुपये येतात, इकडच्या बहिणीच्या मुलीला ‘लाडली लक्ष्मी’चे एक लाख मंजूर होतात. नावं जवळजवळ सारखी, म्हणून योजनाही सारखीच धरली जाते आणि मग ‘तुम्हांला लाख, आम्हांला पंधराशेच का?’ हा प्रश्न जेवणाच्या पंगतीत येतो.

लाडकी बहीणशी जुळणारी गोव्याची योजना म्हणजे गृह आधार. महाराष्ट्रात ही कल्पना २०२४ साली आली, गोव्यात २०१२ साली. वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असलेल्या घरातल्या विवाहित बाईच्या खात्यात दरमहा पैसे जमा होतात. सुरुवातीला १,००० होते, पुढे १,५०० झाले. लाडली लक्ष्मीही २०१२ चीच, पण तिची जात वेगळी. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या मुलीच्या नावे बँकेत एक लाखाची मुदतठेव ठेवली जाते. लग्नासाठी, उच्च शिक्षणासाठी किंवा स्वतःचा धंदा उभा करण्यासाठी ती मोडता येते.

आता कोणी म्हणेल, १,५०० रुपयांचे ६७ हप्ते भरले की लाख होतातच. साडेपाच वर्षांत सगळं सारखं. कागदावर बरोबर आहे. घरात मात्र तसं होत नाही. हे दोन पैसे घरात शिरतात तेव्हा वेगवेगळ्या कामांना लागतात, आणि योजना आखताना, मागताना, त्यांच्यावर टीका करताना हा फरक धरला नाही तर गरीब घरांचं नुकसान होतं, असं माझं ठाम मत आहे.

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या वाड्यावरच्या घराचं वर्ष बघा. मार्च ते मे काजूचा हंगाम, तेव्हा हातात रोकड खेळते. जूनमध्ये पाऊस लागला की मजुरीची कामं आटतात, त्यातच शाळा सुरू होतात, वह्या आणि छत्र्या घ्याव्या लागतात. मग चवथ, म्हणजे गणपती. चवथीला खर्च टाळता येत नाही, माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या सजावटीचं, अर्धं सामान रानातून आणलं तरी उरलेलं बाजारातच मिळतं. म्हणजे पैसा येतो तीन महिन्यांत आणि लागतो बारा महिने. मधली दरी गावातलं दुकान भरून काढतं.

वाळपईच्या बाजूच्या एका दुकानदाराने मला त्याची उधारीची वही उघडून दाखवली होती. एका घराचं पान: साखर, चहा पावडर, कांदे, खोबरेल, कपडे धुण्याचा साबण, पुन्हा साखर. जुन्या वहीत हे पान जूनपासून भरत जायचं आणि हिशेब मिटायचा थेट पुढच्या वर्षीच्या काजूला. गृह आधारचे पैसे सुरू झाल्यानंतरच्या वहीत महिन्या-दीड महिन्याला एक आडवी रेघ मारलेली होती आणि रेघेखाली हिशेब नव्याने सुरू. तो म्हणाला, “पैसे येणार हे माहीत असलं की मीही हात आखडत नाही.” मासिक मदतीचं खरं बळ इथे आहे. ती दीड हजारांपुरती राहत नाही, त्या बाईची पत तयार करते. सोनं गहाण टाकायची किंवा सावकाराकडे जायची वेळ लांबते, पुष्कळदा टळते.

हे फक्त गोव्यापुरतं नाही. मध्य प्रदेशात इंदूरजवळच्या काही गावांत ‘सेवा’ या संघटनेने युनिसेफच्या मदतीने २०११-१२ च्या सुमारास प्रत्येक माणसाला विनाअट रोख पैसे देऊन पाहिले. मोठ्या माणसाला महिन्याला २०० रुपये, मुलाला १०० आणि वर्षानंतर ३०० व १५०. रक्कम किती लहान! तरीही कर्जाचा भार हलका झाला, खाण्यात फरक पडला, मुलींची शाळेतली हजेरी सुधारली आणि दुसऱ्याच्या शेतावर राबणारी माणसं स्वतःच्या तुकड्यावर जास्त वेळ देऊ लागली. ही शेवटची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पेरणीच्या दिवसांत चुलीची काळजी नसेल तरच माणूस दुसऱ्याच्या बांधावर न जाता आपली जमीन कसतो.

‘रोख दिलं की दारूत जातं’ हे वाक्य गोव्यात तर फारच सहज ऐकू येतं. जागतिक बँकेच्या डेव्हिड इव्हान्स आणि ॲना पोपोव्हा यांनी २०१४ साली अनेक देशांतले अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा रोख मदतीमुळे दारू-तंबाखूवरचा खर्च वाढल्याचं दिसलं नाही. गरिबाच्या हातात पैसा देताना त्याच्यावर संशय घ्यायचा आणि तो संशय शहाणपण म्हणून सांगायचा, हे आता थांबायला हवं.

एकरकमी पैशाचं तसं नाही. तो वाण्याची वही मिटवायला येत नाही आणि त्याने ते काम करूही नये. लाखाच्या आसपास रक्कम एकदम हातात आली तरच होऊ शकतील अशा गोष्टी असतात: छपराचे कुजलेले वासे बदलून नवी कौलं घालणं, शिलाई मशीन आणि त्याच्याबरोबर पहिल्या कापडाचं भांडवल, परिचारिकेच्या अभ्यासक्रमाची फी. दीड हजारांत छप्पर बदलत नाही, आणि दर महिन्याला चार कौलं घेऊन ठेवली म्हणूनही बदलत नाही.

हा फरक नीट मोजला गेला तो केनियात. तिथे ‘गिव्हडायरेक्टली’ ही संस्था गरीब खेड्यांत मोबाईलवरून थेट पैसे पाठवते. योहानेस हाउसहोफर आणि जेरेमी शॅपिरो यांच्या अभ्यासात काही घरांना पैसे महिन्याच्या हप्त्यांनी दिले, काहींना एकदम. हप्तेवाल्या घरांची जेवणाची ओढाताण जास्त कमी झाली. एकरकमी मिळालेल्यांनी टिकाऊ वस्तू घेतल्या. गवताचं छप्पर काढून पत्रा घालणं ही तिथली मोठी गोष्ट. गवत पुन्हा पुन्हा शाकारावं लागतं, पत्र्यामुळे तो दरवर्षीचा खर्च वाचतो.

त्याच संस्थेने पुढे आणखी मोठा प्रयोग केला. काही गावांना महिन्याला साधारण साडेबावीस डॉलर बारा वर्षं देण्याचं वचन, काहींना तेवढेच पण फक्त दोन वर्षं, आणि काहींना ५०० डॉलर एकदम. २०२३ मध्ये पहिले निष्कर्ष आले. धंदे उभे करण्यात एकरकमीवाले दोन वर्षांच्या हप्तेवाल्यांपेक्षा पुढे निघाले. पण बारा वर्षांचं वचन मिळालेलेही मागे नव्हते. कारण त्यांतल्या पुष्कळांनी गटागटाने भिशी लावली आणि आपल्या हप्त्यांची आपणच मोठी रक्कम करून घेतली.

गोव्यातल्या कुठल्याही बचतगटातल्या बाईला यात नवल वाटणार नाही. दहाजणींनी हजार-हजार घातले की दर महिन्याला एकीला दहा हजार मिळतात. नंबर आला की कोणी गॅसची शेगडी घेते, कोणी घराच्या मागच्या पडवीवर पत्रे घालते. पण भिशी लावायला एक गोष्ट लागते: पुढच्या दहाही महिन्यांत पैसे येतील ही खात्री. दोनच वर्षांत बंद होणाऱ्या हप्त्यावर कोणी लांबचा डाव मांडत नाही. गृह आधार इतकी वर्षं टिकून राहिली, मुख्यमंत्री बदलले तरी बंद पडली नाही, याचं मोल १,५०० या आकड्यापेक्षा मोठं आहे.

म्हणूनच हप्ता रखडतो तेव्हा मला राग येतो. तीन महिने काही नाही आणि मग एकदम ४,५०० जमा, याला ‘पैसे मिळाले ना शेवटी’ असं म्हणून सोडून देता येत नाही. मधल्या तीन महिन्यांत वही पुन्हा भरलेली असते, भिशीचा हप्ता कोणाकडून तरी उसना घेतलेला असतो, आणि ४,५०० रुपयांत छप्परही होत नाही. मासिक मदतीचा गुण गेला आणि एकरकमीचा आला नाही. शिवाय भाव चढत गेले तरी १,५०० चा आकडा बरीच वर्षं तोच आहे, म्हणजे रेघ मारायची क्षमता गुपचूप कमी होत चालली आहे. बँकेतल्या ठेवीला निदान व्याज तरी लागतं.

आणखी एक फरक आहे, तो आकडेवारीत पटकन दिसत नाही. एका वहिनींनी तो मला सरळ सांगितला: “पंधराशांचं मला कोण विचारत नाही. लाखाचं सगळेच विचारतात.” लहान रक्कम बाईच्या खात्यात येते आणि तिच्याच निर्णयाने खर्च होते, मुलाचं औषध, मुलीचा बसचा पास. मोठी रक्कम आली की दीर, सासरे, मामा सगळे बसतात. मुलीच्या नावची ठेव कागदोपत्री तिची असते, पण ती मोडायचा दिवस लग्नाजवळ आला की हॉल आणि जेवणावळीत जाते. जी मुलगी तीच ठेव शिक्षणाला किंवा ब्युटी पार्लर टाकायला वापरते तिच्यामागे घरातलं एखादं माणूस उभं असतं. ते माणूस प्रत्येक घरात असेल असं धरून चालता येत नाही, म्हणून ठेव मोडण्याच्या वेळी मुलीशी एकटीशी कोणीतरी बोलायला हवं. अंगणवाडी ताई हे काम उत्तम करू शकतील.

२०१२ साली ह्या दोन्ही योजना आल्या, त्याच वर्षी गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या. डिचोली, सत्तरी, सांगेच्या घरांतली खनिज वाहणाऱ्या ट्रकची कमाई एकाएकी थांबली. २०१८ मध्ये पुन्हा तेच. अशा घराला तेव्हा दोन्ही हवे होते. आधी महिन्याचे पैसे, म्हणजे मुलांची शाळा सुटणार नाही. आणि वर्षभराने, डोकं शांत झाल्यावर, नवं काम उभं करायला एकरकमी. हा क्रम उलटा झाला की मोठी रक्कम ट्रकचे थकलेले हप्ते भरण्यातच संपते.

शेतकऱ्यांना मिळणारा पीएम किसानचा पैसा या दोन्हींच्या मधला. वर्षाला सहा हजार, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत. बियाणं-खताच्या वेळी आला तर चांगला उपयोगी पडतो, एरवी वाणसामानात मिसळून जातो.

वृद्धांच्या बाबतीत मात्र दोन्ही बाजू तोलत बसण्यासारखं काही नाही. गोव्याच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेत साठीपुढच्या माणसाला महिन्याला २,००० रुपये मिळतात, त्यासाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. सत्तर वर्षांच्या आजीला एकदम मोठी रक्कम दिली तर ती तिच्याकडे आठवडाभरही टिकणार नाही, घरातली निकड तिच्यापेक्षा नेहमीच मोठी ठरते. दर महिन्याला पैसे येत राहिले तर गोळ्यांसाठी सुनेकडे हात पसरावा लागत नाही, आणि घरातही तिचं येणं-जाणं, खाणं-पिणं जरा जास्त आपुलकीने पाहिलं जातं. ती योजना मासिक आहे हे योग्यच आहे, फक्त गृह आधारची काय आणि तिची काय, जमा होण्याची तारीख ठरलेली आणि पाळलेली असायला हवी.