आकड्याशेजारी लिटर लिहा : ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर भाड्याने घेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

फ्लू, कोव्हिड किंवा आरएसव्ही (श्वसनमार्गाला होणारा एक संसर्ग) यांसारख्या विषाणूमुळे फुप्फुसांना संसर्ग होऊन रुग्णालयात राहिलेले आणि डिस्चार्जनंतर काही दिवस ऑक्सिजन लागणारे रुग्ण हा आमच्या ग्राहकांतला मोठा वर्ग आहे. कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतला ऑक्सिजन वेगळा करून देणारे मशीन, बसवून आमचा तंत्रज्ञ निघाला की दाराशी एक प्रश्न हमखास येतो : ‘आता धोका टळला ना?’ त्यानंतर दोन-तीन दिवसांनी, बहुधा रात्री, फोनवर दुसरा येतो : ‘आकडा खाली जातोय, मोठे मशीन पाठवता का?’ या दोन्ही प्रश्नांचे उत्तर घरच्यांच्याच हातात असते, मात्र त्यासाठी नोंद नीट ठेवलेली असावी लागते.

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवरचे सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, घरचे सगळे पाहतात, पण त्या वेळी मशीनचा फ्लो किती होता, म्हणजे दर मिनिटाला किती लिटर ऑक्सिजन चालू होता, हे लिहून ठेवत नाहीत. आमच्या अनुभवात सर्वांत जास्त वेळ वाया घालवणारी चूक हीच. साध्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. नाकातल्या नळीतून दर मिनिटाला १ लिटर दिला की श्वासातले प्रमाण साधारण २४ टक्क्यांवर जाते आणि पुढच्या प्रत्येक लिटरला अंदाजे चार टक्के वाढतात. म्हणजे मशीनशिवाय ९४ दाखवणारा रुग्ण आणि ५ लिटरवर ९४ दाखवणारा रुग्ण यांच्या फुप्फुसांच्या स्थितीत मोठे अंतर असते, पण ऑक्सिमीटरच्या पडद्यावर दोघांचा आकडा एकच दिसतो.

गेल्या हंगामात एका रुग्णाच्या मुलीचा रात्री फोन आला. ‘सकाळी ९४ होते, दुपारी ९४ होते, आताही ९४ आहे, पण मशीन यापुढे वाढत नाही, दहा लिटरचे मिळेल का?’ आम्ही फ्लो विचारला. सकाळी २, दुपारी साडेतीन आणि आता ५ लिटर असे उत्तर आले. मग वडिलांना न सांगता पूर्ण एक मिनिट त्यांचे श्वास मोजायला सांगितले, ते ३४ भरले. पाणी हवे का असे विचारल्यावर ते ‘हो’ म्हणून थांबत होते, पुढचा शब्द नव्या श्वासावर येत होता. दिवसभर आकडा न हलल्यामुळे सगळे ठीक आहे असे घरात वाटत राहिले आणि त्यात बारा तास गेले. मशीन बदलण्याऐवजी आम्ही त्यांना तत्काळ रुग्णवाहिका बोलावायला सांगितले. दाखल करून घेणाऱ्या डॉक्टरांनी विचारलेला पहिला प्रश्न ‘कालपासून किती लिटर लागत होते?’ हाच होता. ते गृहस्थ बरे होऊन घरी आले, ही आनंदाची गोष्ट आहे.

लिटरवर आमचा एवढा भर का, हे २०२० साली ब्रिटनमध्ये झालेल्या रिकव्हरी चाचणीवरून कळते. त्या चाचणीत रुग्णालयात दाखल झालेल्या हजारो कोव्हिड रुग्णांपैकी काहींना डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड दिले गेले आणि बाकीच्यांना नेहमीचेच उपचार मिळाले. नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांपैकी ज्यांना सुरुवातीला ऑक्सिजनची गरज नव्हती त्यांच्यात २८ दिवसांत १४ टक्के, ऑक्सिजनवर असलेल्यांत सुमारे २६ टक्के आणि व्हेंटिलेटरवर असलेल्यांत सुमारे ४१ टक्के रुग्ण दगावले. आजार एकच असूनही श्वासाला किती आधार लागतो यावरून जोखमीच्या पायऱ्या अशा चढत गेल्या. स्टिरॉइड दिल्यावर व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले प्रमाण २९ टक्क्यांवर आले आणि ऑक्सिजनवरच्यांत २३ टक्क्यांवर. ऑक्सिजनची गरज नसलेल्यांना मात्र त्याचा फायदा झाला नाही, उलट त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण थोडे जास्तच, म्हणजे जवळपास १८ टक्के होते. जुन्या चिठ्ठीवरच्या स्टिरॉइडच्या गोळ्या स्वतःच्या मनाने सुरू करू नयेत, असे आम्ही सांगतो ते याच कारणाने.

हल्ली मोबाइलवर जोखीम मोजणारे तक्ते सहज मिळतात आणि बरेच ग्राहक त्यांत आकडे भरून घाबरून फोन करतात, किंवा निर्धास्त होतात, जे अधिक वाईट. त्यांतला कोव्हिडसाठी प्रसिद्ध असलेला फोर-सी तक्ता २०२० साली ब्रिटनमधल्या रुग्णालयांतील रुग्णांच्या नोंदींवरून तयार झाला. त्यात ० ते २१ गुण असतात आणि ते वय, लिंग, इतर आजार, श्वासाचा वेग, सॅच्युरेशन, रुग्ण किती शुद्धीवर आहे, तसेच रक्तातील युरिया आणि सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी तपासणी) यांवरून दिले जातात. उदाहरणार्थ, ७२ वर्षांच्या आणि एक जुना आजार असलेल्या पुरुषाचे ८ गुण कोणतीही तपासणी होण्यापूर्वीच होतात. श्वास मिनिटाला २० ते २९ असल्यास आणखी १ गुण मिळतो आणि सॅच्युरेशन ९२ च्या खाली असल्यास आणखी २. मात्र हे सॅच्युरेशन साध्या हवेवरचे अपेक्षित असते. मशीन लावून आलेला ९५ तिथे भरला, तर रुग्ण कागदावर आहे त्यापेक्षा बरा दिसतो. यावर काही जण ‘खरा आकडा’ पाहण्यासाठी नळी काढून ठेवतात. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय तसे करू नये, ही आमची कळकळीची विनंती आहे.

तक्त्यातली टक्केवारीही नीट समजून घ्यावी लागते. ९ ते १४ गुणांच्या गटात त्या वेळी सुमारे ३१ टक्के रुग्ण दगावले, म्हणजे शंभरांतले जवळपास ६९ वाचले. आपला माणूस त्या शंभरांतला कोणता, हे तक्ता सांगत नाही. शिवाय ते आकडे लसीकरणापूर्वीचे आहेत. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत दाखल झालेल्या कोव्हिड रुग्णांत २०२० साली ३० दिवसांतील मृत्यूचे प्रमाण १७ टक्क्यांहून अधिक होते, तेच २०२२-२३ च्या हिवाळ्यात सुमारे ६ टक्क्यांवर आले, तर त्याच हिवाळ्यात फ्लूमुळे दाखल झालेल्यांत ते सुमारे ३.७ टक्के होते. हे रुग्ण बहुतांशी वयस्क पुरुष होते, हे लक्षात ठेवावे. ‘आता साधा फ्लूच राहिला आहे’ असे म्हणणाऱ्यांना आम्ही दोन्ही आकडे दाखवतो. धोका कमी झाला हे खरे, पण रुग्णालयात दाखल होण्याइतका फ्लूही साधा नसतो.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर फ्लो आणि सॅच्युरेशनची अपेक्षित मर्यादा लिहिलेली नसेल, तर आम्ही मशीन देत नाही आणि डॉक्टरांशी बोलणे झाल्याशिवाय ५ लिटरऐवजी १० लिटरचे मशीन बदलूनही देत नाही. यावरून आम्हाला रागाचे बोल ऐकावे लागतात आणि आपल्या माणसासाठी धावणाऱ्याचा तो राग आम्हाला समजतो. पण लिटर वाढत जाणे हे आजार वाढत असल्याचे चिन्ह आहे. मोठे मशीन ते चिन्ह झाकून ठेवते. सीओपीडी, म्हणजे श्वासमार्ग कायमचे अरुंद होण्याचा फुप्फुसांचा जुना आजार, असलेल्या रुग्णांत तर मर्यादा साधारण ८८ ते ९२ ठेवतात, कारण त्यांना गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन दिल्यास शरीरात कार्बन डायऑक्साइड साठून गुंगी येऊ शकते. अशा घरात ९८ पाहून समाधान मानणे घातक ठरू शकते, म्हणून चिठ्ठीवरची मर्यादा आम्ही मशीनवरच चिकटवून देतो.

प्रत्येक मशीनबरोबर आम्ही एक वही देतो, तिचे वेगळे पैसे नाहीत. तीत वेळ, सॅच्युरेशन, लिटर आणि मिनिटाचे श्वास असे चार रकाने आखलेले आहेत. दिवसातून चार वेळा, रुग्ण दहा मिनिटे शांत बसल्यावर नोंद करावी. बोटे गार असतील तर आधी चोळून गरम करावीत, नखाला रंग असल्यास तो काढावा आणि आकडा स्थिरावेपर्यंत अर्धा मिनिट थांबावे. चांगला ऑक्सिमीटरही दोन-चार अंकांनी चुकू शकतो आणि गडद त्वचेवर तो खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवण्याची शक्यता असते, म्हणून एका आकड्यापेक्षा दोन दिवसांतली चाल महत्त्वाची. फ्लो वाचताना डोळे मशीनवरच्या फ्लो दाखवणाऱ्या नळीतल्या गोळीच्या रेषेत आणावेत, वरून वाचल्यास अर्ध्या लिटरची चूक सहज होते.

आकडा अचानक घसरला, तर रुग्णाकडे पाहत पाहतच मशीनही तपासावे. ह्युमिडिफायरच्या, म्हणजे ऑक्सिजनला ओलावा देणाऱ्या पाण्याच्या, बाटलीचे झाकण तिरके बसल्याने हवा बाजूने निघून जाते, हा आम्हाला सर्वाधिक आढळणारा दोष आहे. नाकातल्या नळीचे टोक क्षणभर पेलाभर पाण्यात धरावे. बुडबुडे आले नाहीत, तर झाकण काढून पुन्हा बसवावे आणि नळी कुठे दुमडली आहे का ते पाहावे. फिल्टर धुळीने भरला किंवा मशीनच्या क्षमतेपेक्षा जास्त फ्लो ठेवला, तर ऑक्सिजनची शुद्धता ९० टक्क्यांच्या खाली येऊ शकते. ती आमचा तंत्रज्ञ दर भेटीत मीटर लावून मोजतो आणि भाडे कितीही दिवसांचे असले तरी ही भेट त्यातच धरलेली असते.

दाराशी विचारल्या जाणाऱ्या ‘आता धोका टळला ना?’ या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे की डिस्चार्जनंतरचे पहिले दहा दिवस सर्वांत जपण्याचे. २०२० साली अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या त्याच रुग्णालयांतून कोव्हिडनंतर घरी गेलेल्यांपैकी सुमारे २० टक्के रुग्ण ६० दिवसांत पुन्हा दाखल झाले आणि सुमारे ९ टक्के दगावले. फ्लूचे निदान झाल्यावर पहिल्या आठवड्यात हृदयविकाराच्या झटक्याची शक्यता एरवीच्या सुमारे सहापट आढळली आहे, तेव्हा छातीतले दुखणे ‘खोकून दुखत असेल’ म्हणून सोडून देऊ नये. मशीन लवकर परत केल्यास उरलेल्या दिवसांचे भाडे आम्ही परत देतो, त्यामुळे केवळ खर्चाच्या विचाराने डॉक्टरांनी सांगण्याआधीच ते उचलायला लावू नये.

ठरलेल्या फ्लोवर सॅच्युरेशन मर्यादेखाली राहिले, एका दिवसात लिटर दुप्पट करावे लागले, श्वास ३० च्या पुढे गेले, बोलताना धाप लागली, ओठ निळसर झाले किंवा रुग्ण गोंधळल्यासारखा वागू लागला, तर आमच्या फोनची वाट न पाहता रुग्णालयात निघावे. कॉन्सन्ट्रेटर विजेवर चालतो, म्हणून प्रवासासाठी रुग्णवाहिकेत ऑक्सिजन आहे का हे बोलावतानाच विचारावे, नसल्यास आमच्याकडचा लहान सिलिंडर घ्यावा. वही आणि औषधांची यादी बरोबर न्यावी. मशीन बंद करून जागेवरच राहू द्यावे, ते आम्ही नंतर येऊन नेऊ.