राईगवताच्या हिरवळीची कापणी

राईगवताची हिरवळ दाट, मऊ व निरोगी राहावी म्हणून तिची पाती ठरावीक उंचीवर वरचेवर कापणे आणि यंत्र पोहोचत नाही तेथील कडा छाटणे, हे हिरवळीच्या निगेतील सर्वांत महत्त्वाचे काम आहे. पाणी व खत यांच्याइतकेच, किंबहुना त्यांहून अधिक, या गवताचे आरोग्य कापणीवर ठरते.

लोलियम या प्रजातीतील गवतांना राईगवत म्हणतात. राय नावाच्या धान्याशी त्याची गल्लत होते, पण ते धान्य वेगळ्या प्रजातीतले आहे. कायमच्या हिरवळीसाठी बहुवर्षायू राईगवत (लोलियम पेरेन) वापरतात. एकवर्षायू जाती (लोलियम मल्टिफ्लोरम) तात्पुरत्या हिरवळीला उपयोगी पडते. दोन्ही थंड हवामानातली गवते असून साधारण १५° ते २४° से. तापमानात ती जोमाने वाढतात.

राईगवत झुबक्यांनी वाढते. हरळीसारखी जमिनीवर सरपटणारी किंवा मातीखालून पसरणारी खोडे त्याला नसतात. हरळीत कोठे उघडी जागा पडली, तर शेजारचे गवत पसरून ती भरून काढते. राईगवतात झुबका मेला की तेथे माती उघडी पडते आणि तणांना वाट मिळते. या गवतापुरता दाटपणाचा एकच मार्ग असतो : बुंध्यातून नवे फुटवे येणे. योग्य कापणीचा सारा खटाटोप या फुटव्यांसाठी असतो.

गवताचा वाढबिंदू बुंध्याशी, जमिनीलगत असतो. म्हणून शेंडे कापले तरी पाने खालून वर येत राहतात. गवत फार उंच वाढले, तर वरच्या पात्यांची सावली बुंध्यावर पडते आणि तेथील कळ्या फुटत नाहीत. मोजून कापल्यास उजेड खाली पोहोचतो, कळ्या जाग्या होतात व झुबका रुंदावतो. प्रत्येक फुटव्यावर एका वेळी साधारण तीनच जिवंत पाने असतात. चौथे आले की सर्वांत जुने पान पिवळे पडून वाळते. त्यामुळे वेळेवर न कापलेल्या हिरवळीत वरून हिरवे आणि आतून पिवळे असे दोन थर तयार होतात. ती उशिरा कापली की पिवळा थर उघडा पडतो. पुष्कळदा लोक याला रोग समजतात व औषध फवारतात, पण दोष कापणीतल्या उशिराचा असतो.

अति खोल कापणी याहून घातक ठरते. राईगवत आपला साखरेचा साठा मुख्यतः पात्यांच्या तळाशी, बुंध्यालगतच्या दोन-चार सेंटिमीटरांत राखून ठेवते. पाती एकदम कापली गेली, तर नवी पाने काढण्यासाठी हा साठा खर्ची पडतो आणि तोवर मुळांची वाढ थांबते. बुंधाच कापला गेला, तर तो फुटवा पुन्हा येत नाही.

घरगुती हिरवळीत बहुवर्षायू राईगवत ४ ते ६ सेंमी. उंच ठेवणे चांगले. कडक उन्हाळ्यात व झाडांच्या सावलीत उंची एखादा सेंटिमीटर वाढवावी. लांब पात्यांमुळे माती झाकली जाते व मुळे खोल जातात. एका वेळी उंचीच्या एक-तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये, हा नियम सर्वमान्य आहे. हिरवळ ५ सेंमी. ठेवायची असेल, तर गवत ७.५ सेंमी. होण्याच्या आत कापावे लागते. वार ठरवून कापण्यापेक्षा उंची पाहून कापणे केव्हाही योग्य. भर वाढीच्या दिवसांत याचा अर्थ पाच ते सात दिवसांतून एकदा असा होतो. उन्हाचा ताण असताना किंवा थंडीत वाढ मंदावली की कापणीचे अंतरही लांबते. हिरवळ दुर्लक्षाने गुडघाभर वाढली असेल, तर ती एका दिवसात जागेवर आणण्याचा मोह टाळावा. अनेक खेपांत, मध्ये काही दिवस जाऊ देऊन, उंची टप्प्याटप्प्याने खाली आणावी.

विंबल्डनच्या टेनिस मैदानांवर २००१ पासून निव्वळ बहुवर्षायू राईगवत पेरले जाते आणि स्पर्धेच्या काळात ते ८ मिमी. उंचीवर रोज कापले जाते. यावरून हे गवत किती सोसू शकते हे कळते. पण त्यामागे निवडक वाण, धारदार यंत्रे व वर्षभराची मेहनत असते. घरच्या हिरवळीसाठी तो आदर्श धरणे चुकीचे आहे.

राईगवताच्या पात्यांतील शिरा चिवट असतात. म्हणून येथे धारेला फार महत्त्व आहे. यंत्राच्या बोथट पात्याने गवत कापले न जाता फाटते, टोके पांढरट व तंतुमय दिसतात आणि दुरून सारी हिरवळ करडी भासते. फाटलेल्या टोकांतून पाणी अधिक उडून जाते आणि रोगालाही वाव मिळतो. कापणीनंतर टोके पांढरी दिसू लागली की धार लावायची वेळ झाली असे समजावे.

कापणीयंत्रे दोन प्रकारची असतात : एकात आडवे फिरणारे पाते वेगाने आपटून गवत तोडते, तर दंडगोल यंत्राची पाती खालच्या स्थिर पात्यावर घासून कात्रीसारखी कापतात. इंग्लंडमधील एडविन बडिंग यांनी १८३० मध्ये पेटंट घेतलेले पहिले कापणीयंत्र या दुसऱ्या प्रकारचे होते. लोकरी कापडावरची लव कातरणाऱ्या यंत्रावरून त्यांना ते सुचले होते. दंडगोल यंत्राचा काप अधिक स्वच्छ असतो, मात्र उंच वाढलेले गवत व फुलोऱ्याचे कडक दांडे त्याला झेपत नाहीत.

गवत कोरडे असताना कापावे. विळ्याच्या काळी दव पडलेले गवत कापायला सोपे मानत, पण यंत्रात ओले गवत गोळे होऊन अडकते आणि चाकांनी माती दाबली जाते. दर खेपेस दिशा बदलावी, नाहीतर पाती एकाच बाजूला कलतात.

कापलेले बारीक गवत जागेवरच पडू द्यावे. त्यात बहुतांश पाणी असते. ते लवकर कुजून नायट्रोजन मातीत परत जातो आणि खताची बचत होते. त्यामुळे हिरवळीवर वाळक्या काडीकचऱ्याचा थर साचतो हा गैरसमज आहे. तो थर मुख्यतः चिवट खोडे व मुळांचा असतो आणि राईगवतात तो कमीच होतो. मात्र जाड ढीग राहिल्यास खालचे गवत गुदमरते. पात्यांवर तांबेरा या बुरशीजन्य रोगाची नारिंगी भुकटी दिसत असेल, तर कातरण गोळा करून दूर टाकावी. तांबेरा बहुधा वाढ मंदावलेल्या, उपाशी हिरवळीवर येतो. अशा वेळी थोडे नायट्रोजन व नियमित कापणी या दोन्हींचा उपयोग होतो.

कापणीचा उलटा वापरही केला जातो. उष्ण भागात हिवाळ्यात हरळी सुप्त होते, तेव्हा हिरवेपणासाठी तिच्यावर राईगवत पेरतात. उष्मा परतू लागला की तेथे मुद्दाम कापणी खाली आणतात, म्हणजे राईगवत हटते आणि हरळीला उजेड मिळतो.

भिंती, पायवाटा व झाडांभोवतीच्या कडा दोरीच्या ट्रिमरने छाटताना हात नकळत खाली जातो आणि माती उघडी पडते. ट्रिमर हिरवळीच्याच उंचीला आडवा धरावा. झाडाच्या सालीला दोरी लागू देऊ नये. कडेला टक्कल पडलेच, तर ते आपोआप भरेल याची वाट पाहण्यात अर्थ नाही, तेथे बी टाकावे लागते. राईगवत ५ ते १० दिवसांत उगवते. नवे गवत ७-८ सेंमी. झाले की पहिली कापणी करावी, पण आधी चार-दोन रोपे चिमटीत धरून हलके ओढून पाहावीत. ती उपटून आली, तर मुळे अजून धरलेली नाहीत. आणखी काही दिवस थांबावे.