आधी गाळणी, मग चहादाणी

सुट्या पानांचा चहा करायचा असं एकदा ठरलं, की बहुतेक जण आधी देखणी चहादाणी शोधायला लागतात. तिच्यासोबत जी जाळी येईल ती मुकाट्याने वापरतात. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. चहा कसा उतरेल हे भांड्याच्या मातीपेक्षा पानांना मिळणाऱ्या जागेवर जास्त ठरतं. म्हणून आधी इन्फ्युजर, म्हणजे पानं ठेवायची जाळीची टोपली, निवडावी आणि मग ती जिच्यात नीट बसेल अशी चहादाणी घ्यावी.

वाळलेलं पान आक्रसून गुंडाळलेलं असतं. गरम पाणी आत शिरलं की ते फुगतं आणि उलगडतं. गोळीसारखा वळलेला ऊलाँग, म्हणजे अर्धवट आंबवलेला चहा, तर मूळ आकाराच्या कित्येक पट पसरतो. पानातलं कॅफीन, पॉलिफिनॉल नावाची तुरट द्रव्यं, अमिनो आम्लं हे सगळं पानाच्या आतून पृष्ठभागाशी येतं आणि तिथून पाण्यात पसरतं. या क्रियेला विसरण म्हणतात. पानाच्या आतलं प्रमाण आणि बाहेरच्या पाण्यातलं प्रमाण यांत जितकी तफावत, तितकं विसरण जोरात. पानाला लागून असलेलं पाणी आधीच गडद झालं असेल, तर आतला अर्क बाहेर यायला रेंगाळतो. साखळीला लटकणाऱ्या जाळीदार गोळ्याची अडचण नेमकी हीच आहे. त्यात कोरडी पानं अर्ध्यापर्यंत भरली, तरी ती फुगून एकमेकांत दाटतात. कडेची पानं पाण्याला अर्क देतात आणि मधली जवळजवळ कोरीच राहतात. मग चहा फिका लागतो, म्हणून आपण पानं वाढवतो आणि दाटी आणखी वाढते.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर काचेची चहादाणी घ्या. टोपलीत पानं घालून वरून पाणी ओता आणि ढवळू नका. अर्ध्या मिनिटात जाळीच्या तळातून तपकिरी धागे खाली उतरताना दिसतात. अर्क उतरलेलं पाणी साध्या पाण्यापेक्षा किंचित जड असतं. ते तळाला जाऊन बसतं आणि त्याच्या जागी वरचं स्वच्छ पाणी पानांशी येतं. टोपली वरच्या भागात लटकत असली, की हे चक्र आपोआप चालू राहतं. गोळा तळाशी पडला असेल, तर तो आपल्याच गडद थरात बुडून बसतो आणि वरचं पाणी कोरं राहतं. अशा वेळी एकदा ढवळलं तर बराच फरक पडतो.

तेव्हा टोपली रुंद हवी, शक्यतो चहादाणीच्या तोंडाइतकी, आणि खोलही हवी. खोलीकडे फार जण लक्ष देत नाहीत. मोठ्या चहादाणीत आखूड टोपली असेल आणि एकाच कपाचं पाणी घातलं, तर पाणी पानांपर्यंत पोचतच नाही. जाळीची भोकं पानांच्या जातीनुसार ठरवावीत. अख्ख्या पानांना स्टीलच्या पत्र्यात पाडलेली भोकं पुरतात. सीटीसीच्या, म्हणजे यंत्रात चिरडून दाणेदार केलेल्या चहाच्या, बारीक दाण्यांना मात्र विणलेली बारीक जाळी लागते, नाहीतर कपाच्या तळाशी गाळ जमतो.

टोपली हवी याचं खरं कारण मात्र गाळ नाही. ती उचलता येते, हे कारण. कॅफीन आणि चव गोडसर करणारी अमिनो आम्लं तुलनेने लवकर उतरतात. तोंड कोरडं करणारी तुरट पॉलिफिनॉलं वेळ जाईल तशी वाढत राहतात. पहिला कप छान आणि दुसरा कडवट, असं होतं ते पानं पाण्यातच राहिल्यामुळे. ज्या चहादाणीत तोटीच्या मुळाशीच चाळण असते, तिच्यात पानांना मोकळी जागा भरपूर मिळते, पण चहा एकदाच आणि शेवटच्या थेंबापर्यंत ओतून घ्यावा लागतो. जपानी क्यूसू ही बाजूला मूठ असलेली लहान चहादाणी अशीच वापरली जाते. ती एवढीशी का, हे त्यावरून कळतं.

प्रयोगशाळेत चहाच्या नमुन्यांची तुलना करण्यासाठी आयएसओ 3103 नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात इन्फ्युजर नाहीच. पांढऱ्या चिनीमातीचं किंवा झिलईच्या मातीचं भांडं, त्याच्या काठाला दाते, 100 मिलिलिटर पाण्याला 2 ग्रॅम चहा आणि 6 मिनिटं. चहा ओतताना पानं दात्यांपाशी अडतात. यातून प्यायला उत्तम चहा मिळावा असा हेतू नाही. प्रत्येक वेळी सारखाच चहा मिळावा एवढाच आहे. याच धर्तीच्या ब्रिटिश मानकाच्या सहा पानी मजकुराला 1999 मध्ये साहित्याचं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या कामाला मिळणारं गमतीदार पारितोषिक, मिळालं होतं.

आता भांड्याकडे वळू. उष्णता धरून ठेवणारी चहादाणी घ्या, असा सल्ला सर्रास दिला जातो. जाड भांडं उष्णता धरतं खरं, पण ती घेतं पाण्याकडूनच. समजा, 25 अंशांवर असलेल्या अर्धा किलोच्या चिनीमातीच्या चहादाणीत 95 अंशांचं अर्धा लिटर पाणी ओतलं. दोघांचं तापमान सारखं होईपर्यंत पाणी साधारण 83 अंशांवर येतं. सव्वा किलोच्या बिडाच्या चहादाणीत ते 80च्या आसपास उतरतं. तीच चिनीमातीची चहादाणी आधी गरम पाण्याने खंगाळून 70 अंशांपर्यंत तापवली असेल, तर पाणी 91 अंशांवर टिकतं. हा हिशोब ढोबळ आहे, पण काळ्या चहाच्या चवीत तो फरक सहज कळतो. हिरव्या चहाला मात्र 70 ते 80 अंशांचंच पाणी लागतं. त्यापेक्षा गरम पाण्यात तो उगाच तुरट होतो. म्हणजे त्याच्यासाठी पातळ भिंतीची, न तापवलेली चहादाणीच बरी आणि बिडाची जाडजूड चहादाणी गैरसोयीची.

झाकण कधीही विसरू नये. एक ग्रॅम पाणी वाफ होऊन उडालं, की मागे राहिलेलं अर्धा लिटर पाणी जवळपास 1 अंशाने निवतं.

बिडाबद्दल आणखी एक सावधगिरी. चहातली पॉलिफिनॉलं उघड्या लोखंडाशी संयोग पावली की काळपट संयुगं तयार होतात आणि चहाला धातूची चव येते. म्हणून चहा मुरवण्याच्या बिडाच्या चहादाणीला आतून एनॅमलचा थर असतो. तेत्सुबिन या जपानी बिडाच्या किटलीला आतून असा थर नसतो, पण ती पाणी उकळण्यासाठी. दिसायला दोन्ही सारख्या असल्यामुळे घोटाळा होतो, तेव्हा घेताना झाकण उघडून आत बघावं. चीनमधल्या यीशिंगच्या चहादाण्यांना झिलई नसते आणि त्यांची माती सच्छिद्र असते. ती वास धरते, म्हणून वापरणारे एका चहादाणीत एकाच जातीचा चहा करतात आणि तिला साबण लावत नाहीत. रोज वेगळा चहा पिणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये. काच किंवा झिलईची चिनीमाती घ्यावी.

राहिली तोटी. हळू ओतताना चहा धारेत न पडता तोटीखालून ओघळतो आणि टेबल ओलं होतं. या ओघळाला 'टीपॉट इफेक्ट' हे नाव मार्कुस रायनर या शास्त्रज्ञाने 1956 मध्ये दिलं. पुढच्याच वर्षी जोसेफ केलर या गणितज्ञाने त्याचं कारण मांडलं: ओठावरून वळताना द्रवातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो आणि हवाच त्याला तोटीकडे ढकलते. केलर आणि जाँ-मार्क वांदेन-ब्रोक यांनाही न ओघळणाऱ्या तोटीच्या गणितासाठी 1999 मध्येच इग नोबेल मिळालं. त्या वर्षी समितीला चहाची फारच तल्लफ आलेली दिसते. 2021 मध्ये व्हिएन्नाच्या तांत्रिक विद्यापीठातल्या संशोधकांनी गणिताचा आणखी खोल हिशोब मांडला. ओठाच्या कडेखाली एक थेंब कायम चिकटून राहतो आणि वेग कमी झाला की तोच धारेला मागे ओढतो, असं त्यांनी दाखवलं.

घेणाऱ्याने यातून एवढंच बघायचं, की तोटीचा ओठ जाड आणि गोलसर नसून पातळ आणि धारदार हवा. तोटीचं टोक भांड्याच्या काठाइतकं तरी उंच हवं, नाहीतर चहादाणी पूर्ण भरायच्या आधीच तोटीतून पाणी वाहू लागतं. झाकणाला छोटं भोक हवं. ओतताना आत हवा शिरली नाही, तर धार गचके खाते. शक्य असेल तिथे पाणी भरूनच परीक्षा घ्यावी. आधी हळू ओतून मध्येच थांबावं आणि तोटीखाली बोट फिरवून बघावं. मग ओतता ओतता झाकणाचं भोक बोटाने बंद करावं. धार लगेच तुटली, तर झाकण घट्ट बसतं. शेवटी टोपली काढून आत हात जातो का तेही बघावं, कारण चहाचा तपकिरी थर नुसत्या विसळण्याने जात नाही.