माशांच्या पाण्यावर भाजी येते, पण त्यावर घर चालतं का?

अ‍ॅक्वापोनिक्सचे व्हिडिओ बघितले की वाटतं, टाकीत मासे, शेजारी पाण्यात मुळं सोडलेलं लेट्युस, माती नको, खत नको, मग पैसे का नाही मिळणार? मला हा प्रकार मनापासून आवडतो, म्हणूनच आधी हिशोब मांडते.

मासा खाद्य खातो आणि कल्ल्यांमधून अमोनिया सोडतो, जो त्याच्यासाठीच विष असतो. पाण्यातले बॅक्टेरिया त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात आणि ते नायट्रेट झाडं घेतात. या बॅक्टेरियांचा जम बसायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात, तेवढा धीर न धरता टाकी माशांनी भरली की पहिली बॅच इथेच जाते.

आता आकडे बघा. व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात जेम्स रॅकोसी यांनी तिलापिया या माशावर वर्षानुवर्षं काम करून एक प्रमाण काढलं, तरंगत्या तराफ्यावरच्या 1 चौरस मीटर लागवडीमागे रोज 60 ते 100 ग्रॅम माशांचं खाद्य. समजा तुमचे तराफे 20 चौरस मीटरचे आहेत, तर रोज दीड किलो खाद्य धरू. त्यातून ढोबळमानाने 1 किलो मासा वाढतो, म्हणजे महिन्याला 45 किलो खाद्य घालून 30 किलो मासे, आणि चौरस मीटरला 20 रोपं धरली तर 4-5 आठवड्यांनी 400 लेट्युस. दिवसाला 12-13 लेट्युस आणि 1 किलो मासा, बस एवढंच, आणि यातूनच खाद्य, बियाणं, मत्स्यबीज, चोवीस तासांची वीज आणि तुमची मजुरी निघायला हवी. शिवाय तिलापिया विकण्याएवढा व्हायला 6 ते 9 महिने जातात.

'खत नको' हेही पूर्ण खरं नाही. माशांच्या खाद्यातून लोह, पोटॅशियम, कॅल्शियम कमी पडतं, कोवळं पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या की समजायचं लोह संपलंय, मग चिलेटेड लोह, म्हणजे पाण्यात विरघळून झाडाला घेता येईल असं लोह, घालावंच लागतं. आणि कीड पडली तर फवारणी करायची सोय नाही, औषध थेट माशांपर्यंत जातं.

सगळ्यात जास्त भीती मला विजेची वाटते. दाट टाकीत हवेचा पंप थांबला की थोड्याच वेळात मासे वर येऊन तोंडं उघडझाप करायला लागतात, आणि तेव्हा बॅकअप शोधायला गेलात तर फार उशीर झालेला असतो.

2013 मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी वेगवेगळ्या देशांतल्या 257 व्यावसायिक अ‍ॅक्वापोनिक्सवाल्यांचा सर्व्हे केला, त्यात आधीच्या 12 महिन्यांत नफ्यात असलेले फक्त 31 टक्के निघाले, आणि जे भाजी-माशांबरोबर ट्रेनिंग किंवा साहित्यही विकत होते त्यांची नफ्यात असण्याची शक्यता जास्त होती. माझ्या मते यात मासा म्हणजे खताचा कारखाना, त्याने स्वतःचं खाद्य भरून काढलं तरी पुष्कळ, कमाई व्हायची ती बेसिलसारख्या चांगला भाव मिळणाऱ्या पाल्यातून. म्हणून नोकरी सोडू नका, आणि टाकी घ्यायच्या आधी 3 महिने तीच भाजी साध्या कुंड्यांत लावून दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी विकून बघा.